पाचवा शब्द

पाळकसाहेब येऊन गेले ते बरंच झालं, असं सुरेखाला वाटलं. जे बोलायला घरातल्या कुणाची जीभ रेटत नव्हती, ते त्यांनी दारातल्या खुर्चीवर बसून, हळू आवाजात बोलून टाकलं होतं.

"रत्नमालाबाई, यंदा तुम्ही नुसत्या येऊन बसा. तुमचा शब्द सुरेखाबाई सांगतील."

गुड फ्रायडेचा दिवस. छावणीतल्या चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन उपासना चालायची. वधस्तंभावर येशूच्या तोंडून निघालेले सात शब्द सात जणांनी सांगायचे आणि प्रत्येक शब्दानंतर मंडळीनं एक गीत म्हणायचं, ही तिथली जुनी रीत. पाचवा शब्द तहानेचा. तो रत्नमालाचा. लग्न होऊन ती पगाऱ्यांच्या घरात आली, त्याच्या दुसऱ्या वर्षापासून तिचाच. बोलायची थोडं, गायची फार. यंदाही नाताळानंतरच्या बैठकीत पाचव्या शब्दाला तिचंच नाव ठरलं होतं. तेव्हा तिचा आवाज नुसता बसलेला होता. हळदीचं दूध आणि वाफारा चालू होता. मग तपासण्या झाल्या, गाठ निघाली, आणि फेब्रुवारीत डॉक्टरांनी तिचं स्वरयंत्रच काढलं.

गळ्याच्या खळगीत आता एक भोक होतं. श्वास तिथूनच. आतला एक टाका नीट जुळून आला नव्हता म्हणून तोंडानं पाण्याचा थेंबसुद्धा घ्यायचा नाही, असं बजावलेलं होतं. दूध, पेज, पाणी, सगळं नाकातल्या नळीवाटे पोटात जायचं.

पाळकांचं ऐकून रत्नमालानं पाच बोटं उघडली आणि हात स्वतःच्या छातीवर ठेवला. पाळकांनी त्या हाताकडं पाहिलं. "घरच्यांनी ठरवा," म्हणाले आणि उठले. उपासामुळं पाणीही घेतलं नाही.

आता घरचे ठरवत होते.

"ठरवायचं काय त्यात?" रत्नमालाचा नवरा राजेंद्र उभ्याउभ्याच बोलला. वाळूजच्या कंपनीला आज सुटी होती, तरी तो सकाळपासून बूट घालून बसला होता. "नाही म्हणजे नाही. लोकांनी बघायला यायला तो काय तमाशा आहे?"

"तमाशा कोण म्हणतं?" सारजाबाई म्हणाल्या. "देऊळ हाये ते." सारजाबाई चर्चला अजून देऊळच म्हणायच्या, त्यांच्या सासऱ्यानं पिशोरात शिकवलं तसं.

"देऊळ आहे म्हणूनच सांगतो, आई. हिनं कधी सुपारीचं खांड तोंडात धरलं नाही. गुटख्याच्या पुड्या मी खातो, रोज. आणि भोक कुणाच्या गळ्याला पडलं? ज्याला हे बरोबर वाटतं, त्याच्यापुढं हिला उभी करू मी?"

ऑपरेशन झाल्यापासून राजेंद्र चर्चची पायरी चढला नव्हता. रत्नमाला पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. तिची सतरा वर्षांची लेक सोनिया मागं बसून तिचे केस विंचरत होती. केस गळत होते, म्हणून फणी अगदी हलकी फिरवत होती.

"दादा बरोबर बोलतोय," सुरेखा म्हणाली.

सारजाबाईंनी मान वळवून लेकीकडं पाहिलं. दोन महिने या बहीण-भावाचं एकमेकांशी धड बोलणं नव्हतं. सुरेखा पुंडलिकनगरला राहायची आणि तिकडच्या एका नव्या प्रार्थना-मंडळात जायची. तिथं लोक तेल लावून बरे होतात, असं ती सांगायची. वहिनीला ऑपरेशनआधी एकदा तरी तिथं न्या, म्हणून ती भावाच्या पाया पडली होती. त्यानं तिला दवाखान्याच्या पायऱ्यांवरून परत पाठवलं होतं. आणि आज दोघं एका बाजूला.

"देवानं बरं केलं की उभी राहा ना वहिनी," सुरेखा पुढं सरकली. "तेव्हा साक्ष दे. अख्खी मंडळी उठून उभी राहील. आत्ता काय दाखवायचं आपण? हार?"

रत्नमालानं तिच्याकडं पाहिलं. सुरेखाची नजर वहिनीच्या डोळ्यांवर होती. गळ्यावरच्या पांढऱ्या रुमालाकडं मात्र ती कधीच बघत नसे. रुमाल श्वासाबरोबर हलायचा, ते तिला सोसायचं नाही.

"मला त्यातलं कळत नाय," सारजाबाई म्हणाल्या. उभी हयात त्यांनी दवाखान्यात आया म्हणून काढली होती. "मला एवढंच कळतं, तिथं पंख्याची धूळ, शंभर माणसं, हे उन्हाचं दिवस. मधीच खोकला आला आन् बेडका अडकला तर? माला, लेकरा, घरीच राहा तू. देव काय घरी येत नाय व्हय?"

तिघं एका बाजूला झाले. दाराजवळच्या लाकडी खुर्चीत रत्नमालाचे वडील काकासाहेब बसले होते. अजिंठ्याकडचे निवृत्त शिक्षक. लेकीजवळ राहायला म्हणून पंधरवड्यापूर्वी आले होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, घरी बुद्धवंदना चुकवायची नाही असा माणूस. लेकीनं ख्रिस्ती घरात लग्न केलं तेव्हा ते मांडवात जेवायला बसले होते. चर्चच्या आत मात्र गेले नव्हते.

"मी बोलू का?" त्यांनी विचारलं.

"बोला की, इवाई," सारजाबाई म्हणाल्या.

"तुमच्या देवाबद्दल मी काही बोलायचा नाही. मला त्यात गती नाही. पण सकाळपासून बघतोय, तिला उभं राहायचंय, आणि तुम्ही सगळे मिळून तिला खाली बसवायला निघालात." त्यांनी सारजाबाईंकडं पाहिलं. "तुमच्या नि माझ्या आज्या-पणज्यांना लई वर्षं बसवूनच ठेवलं होतं, विहीणबाई. चावडीच्या खाली, विहिरीपासून लांब. माणूस आपणहून उभं राहतो म्हणतोय तर राहू द्यावं. पडलं तर उचलू."

"मामा, तुम्हाला कळत नाही. तिथं लोक रडतील तिच्याकडं बघून," राजेंद्र म्हणाला.

"रडू दे. तिला चालतंय ना?"

सारजाबाई उठल्या. सुनेच्या समोर पलंगावर बसल्या आणि तिचा रुमाल सारखा केला.

"जायचंच?" त्यांनी विचारलं.

रत्नमालानं मान हलवली.

"मग पांढरी साडी काढ गं सोनू तुझ्या आईची. नळीला चिकटपट्टी नवी लावते मी."

"आई," राजेंद्र म्हणाला.

"तू रिक्षा आण जा," सारजाबाई म्हणाल्या.

*

आपल्याला का जायचंय, हे रत्नमालाला सांगता आलं नसतं. आवाज असता तरी आलं नसतं.

ती शूर नव्हती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिनं बाथरूमचा नळ सोडून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून, सगळ्या आवडत्या गीतांची एकेक ओळ म्हणून पाहिली होती आणि मग तिथंच ओल्या फरशीवर बसून रडली होती. देवावर रागावलीही होती. मागायचं तर सगळं मागून झालं होतं.

मग वॉर्डातल्या त्या दुपारी. तिच्या खाटेसमोर बाहेरच्या व्हरांड्यात पाण्याचा कूलर होता. माणसं यायची, पेला भरायची, घटाघटा प्यायची, उरलेलं पाणी ओतून द्यायची. तिची जीभ टाळ्याला चिकटलेली असायची. नळीतून पोटात पाणी जायचं, पण तोंडाला त्याचा पत्ता नसायचा. तहान तोंडात असते, हे तिला तेव्हा कळलं. एका दुपारी कूलरकडं बघताबघता तिला तो पाचवा शब्द आठवला. इतकी वर्षं तिनं तो गायला होता, लोकांना रडवलं होतं, आणि एकदाही तिला तहान लागलेली नव्हती. देव म्हणून ज्याला हाक मारायची, त्यानं त्या दिवशी खाली उभ्या असलेल्या साध्या माणसांकडं पाणी मागितलं होतं. कोरड्या तोंडानं. त्याला ते मागायची लाज वाटली नव्हती.

ती खाटेवर तशीच पडून राहिली. दुखणं होतं तसंच होतं, तहानही. पण या जागी येणाऱ्या आपण पहिल्या नाही, इथं आधीच कुणीतरी आहे, असं तिला वाटलं, आणि ते वाटणं नंतर गेलंच नाही.

*

राजेंद्र आत आला नाही. सगळ्यांना फाटकाशी उतरवलं, आणि तो आवाराबाहेर कडुलिंबाखाली उभा राहिला. गर्दी आत मावत नसे म्हणून आवारात कर्णा लावलेला होता. पहिला शब्द झाला, दुसरा झाला. गीतं झाली. त्यानं पुडी फाडून तोंडात टाकली. ऊन असं होतं की रस्त्यावरचं डांबर चमकत होतं. शेजारी एक रिक्षावाला सवारीची वाट बघत इंजिन चालू ठेवून बसला होता.

चौथ्या शब्दाचं गीत संपलं. कर्ण्यातून पाळकांचा आवाज आला: "पाचवा शब्द. रत्नमालाबाई पगारे."

आत, शेवटच्या बाकावर, काकासाहेब ताठ बसले. आत आल्यापासून त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले होते, परीक्षेच्या वर्गात बसावं तसे. सगळीकडं पांढरे कपडे. समोर काळ्या कापडानं झाकलेला लाकडी क्रूस. त्यांची लेक मधल्या वाटेनं चालत गेली. ती इतकी बारीक झाली होती की साडीच चालत असल्यासारखी दिसत होती.

"आजोबा," शेजारून सोनिया कुजबुजली, "इथं आल्यावर पाळकसाहेबांनी मला वाचायला सांगितलं होतं आईच्या वतीनं. ती नको म्हणाली."

रत्नमाला वाचनाच्या चौथऱ्यावर उभी राहिली. पाळकांनी तिच्यासाठी माईकचा दांडा सवयीनं खाली ओढला. तो जरा जास्तच खाली आला. तोंडासमोर यायचा, तो गळ्यासमोर आला. कुणाच्या ते ध्यानात आलं नाही.

कर्ण्यातून आधी खरखर आली. मग एक आवाज. घोगरा, ओलसर, लांब. थांबला. पुन्हा आला.

"माइक खराब हुआ क्या भाई?" रिक्षावाल्यानं विचारलं.

राजेंद्रनं मान वर केली. दोन महिने तो या आवाजाच्या आधारानं झोपत होता. आवाज जरा अडला की त्याला जाग यायची. घराच्या चार भिंतींतला तो आवाज आता कडुलिंबातून, आवाराच्या भिंतीवरून, रस्त्यावर येत होता.

"नहीं," तो म्हणाला. "मेरी घरवाली है."

"क्या बोल रई?"

"सांस ले रही."

रिक्षावाल्यानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

आत श्वास येत होता, जात होता. सुरुवातीला कुणी खाकरलं, कुणाचं मूल कुरकुरलं, बाक वाजलं. मग तेही राहिलं. काकासाहेबांना आपल्या हातावरचे केस उभे राहिलेले दिसले. त्यांनी चाळीस वर्षं वर्गात पोरं गप्प केली होती. इतकी माणसं अशी गप्प झालेली त्यांनी पाहिली नव्हती. समोर तिनं ओठ उघडले. एकच शब्द. आवाज नव्हता, पण तो ओठांचा शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोचला, आणि काकासाहेबांच्या शेजारी सोनियानं तो नकळत ओठांनीच म्हटला.

तहान.

मग रत्नमाला नुसती उभी राहिली. डोळे उघडे, हात लाकडी कठड्यावर. ती काही मागत होती की देत होती, हे त्यांना ठरवता येईना. लहानपणी ती अशीच ओसरीच्या खांबाला धरून उभी राहायची आणि हाक मारली तरी हलायची नाही.

खोकला तेव्हा आला. कर्ण्यातून एकदम फाटल्यासारखा आवाज झाला. ती वाकली, रुमाल एका बाजूला सरकला, आणि गळ्याच्या भोकातून घट्ट पिवळट बेडका बाहेर येऊन तिथंच अडकला. तिचा चेहरा काळवंडला. मंडळीतून एक दबका आवाज उठला आणि तिथंच थांबला.

सुरेखा दुसऱ्या बाकावर आईशेजारी बसली होती. सारजाबाई पिशवीत कापूस शोधत होत्या, आणि तो सापडत नव्हता. बाहेर, कर्ण्यातून हे ऐकून, राजेंद्र फाटकातून धावला. सुरेखा जागची उठली. आपण कधी उठलो, हे तिला पुढं कितीही आठवलं तरी आठवलं नाही. ती चौथरा चढली. तिथं कापूस नव्हता, काही नव्हतं. तिनं स्वतःचा पांढरा पदर हातात घेतला, वहिनीच्या गळ्याशी तोंड नेलं आणि भोकाकडं नीट पाहिलं. गुलाबी होतं ते. बाळाच्या टाळूसारखं धडधडत होतं. तिनं पदराच्या टोकानं बेडका अलगद ओढून घेतला, पुन्हा पुसलं, पुन्हा पाहिलं. श्वास मोकळा झाला. तिच्या गालावर तो गरम हवेचा झोत आला.

महिनोन् महिने ती याच श्वासासाठी देवाकडं मागत होती. वहिनीला वाचव, एवढंच. तो इथं होता, चालू, तिच्या गालावर. ती वहिनीचा हात धरून तिथंच उभी राहिली. पदराला लागलेलं तसंच होतं.

आता गीताची वेळ होती. पेटीवाल्यानं सूर धरला आणि थांबला. पाचव्या शब्दाचं गीत इतकी वर्षं रत्नमालाच उचलायची. तिनं पहिली ओळ म्हणायची आणि मग मंडळीनं. कुणीच सुरुवात करेना. पेटीचा सूर नुसता वाजत राहिला.

रत्नमालानं सुरेखाच्या हातातून आपला उजवा हात सोडवला आणि वर उचलला. गायकवर्गाला शिकवताना उचलायची, तसा. तिनं सासूकडं पाहिलं.

सारजाबाईंना गळा नव्हता. घरात सगळ्यांना ते माहीत होतं. देवळात त्या कायम ओठ हलवून वेळ मारून न्यायच्या. त्यांनी आधी मागं वळून पाहिलं, आपल्यामागं कुणी आहे का म्हणून. मग पुन्हा सुनेकडं. हात अजून वरच होता.

त्यांनी सुरुवात केली. सूर भलताच वर लागला, चिरका, पार पेटी सोडून. एका बाकावरची पोरगी दचकली. रत्नमालानं तळहात हळूहळू खाली आणला आणि म्हातारीचा आवाज त्या तळहाताबरोबर खाली उतरत उतरत पेटीच्या सुरावर येऊन टेकला. तिथं तिनं हात स्थिर धरला. मग डावीकडच्या बायांकडं वळवला, मग पुरुषांकडं. एकेक बाक उठत गेलं. ती हातानं ओळ लांबवायची तिथं शंभर गळे लांबवत होते. ती बोटं मिटायची तिथं सगळे श्वास घेत होते. गीत तिच्या हातातून निघत होतं, आणि तिचा चेहरा गातानाचा होता, अगदी पूर्वीचाच.

राजेंद्र दारात पोचला तेव्हा तिचा श्वास मोकळा झाला होता, आणि त्याचं तोंड पुडीनं भरलेलं होतं. तसा आत कसा जाणार? तो नळाकडं वळला, तोंड रिकामं केलं, चूळ भरली, पुन्हा भरली. ओलं तोंड तसंच घेऊन आत आला आणि दाराच्या चौकटीशी थबकला. त्यानं बहिणीचा खराब झालेला पदर पाहिला. आईला गाताना पाहिलं. बायकोचा हात पाहिला. ज्याच्याशी तो दोन महिने भांडत होता त्याला विचारायचे सगळे प्रश्न अजून त्याच्यापाशी होते, पण त्या क्षणी त्याला ते विचारता येईनात. तो खाली बसला, दारातच, चपलांच्या जवळ.

शेवटच्या बाकावर काकासाहेब उभे होते. त्यांना गीत येत नव्हतं. ते नुसते उभे होते, लेकीच्या हाताकडं बघत.

*

संध्याकाळी काकासाहेबांनी पिशवी भरली. उद्या गावाकडं पुतणीच्या साखरपुड्याचं बोलणं होतं. सारजाबाई उंबऱ्यावर बसून उपासाची साबुदाण्याची पेज पीत होत्या.

"विहीणबाई, एक विचारू? ते जे दुपारी झालं, ते तुमच्यात नेहमी होतं का?"

सारजाबाईंनी विचार केला. "नाय," त्या म्हणाल्या. "आम्ही नेहमी नुसतं बसतो. आज काय झालं ते मलाबी कळलं नाय. मला गाता येत नाय, इवाई."

"मला माहीत आहे."

दोघंही थोडं हसले. मग काकासाहेब बराच वेळ चपला घालायचे राहून गेले.

आतल्या खोलीत सुरेखा वहिनीजवळ बसली होती. साडी बदललेली होती. "मी मागायचं सोडणार नाही हं वहिनी," ती म्हणत होती. "तू तोंडानं पाणी प्यावंस म्हणून मागणार. तू बोलावंस म्हणूनसुद्धा."

रत्नमालानं मान हलवली. माग, असं ओठांनी म्हणाली.

"पण ते झालं नाही तरी..." तिनं वहिनीच्या गळ्यावरचा ओला रुमाल सोडला आणि धुतलेला बांधला.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर औषध गिळायला लावून फोटो काढणार होते. आतलं छिद्र बुजलं की नाही ते तेव्हा कळायचं. कुणालाच माहीत नव्हतं.

पाणी द्यायची वेळ झाली. सारजाबाई उठायला लागल्या तसा राजेंद्र म्हणाला, "बस आई. मी देतो."

हे काम आजवर सारजाबाई नाही तर सोनिया करायची. राजेंद्र त्या वेळी बाहेर जायचा. आज त्यानं हात कोपरापर्यंत धुतले, मोठी सिरिंज नळीला जोडली, पेल्यातलं उकळून गार केलेलं पाणी तिच्यात ओतलं आणि ती वर धरली. पाणी भराभर उतरायला लागलं.

रत्नमालानं डोळे मिटले. मग उघडले आणि ओठ हलवले.

"काय?" तो वाकला. "परत म्हण."

तिनं परत म्हटलं. तो तिच्या ओठांकडं बघत राहिला. सोनियाला हाक मारावी म्हणून त्यानं मान वळवली, पण हाक मारली नाही. तो पुन्हा तिच्याकडं वळला.

"हळू?" त्यानं विचारलं.

तिनं मान हलवली. राजेंद्रनं हात थोडा खाली घेतला, आणि पाणी थेंबाथेंबानं उतरू लागलं.